कोरडा डोंगा: फुगवट्यातल्या एका ढिवर टोलीवरची अभ्यास-सहल

जानेवारी 2025 मधल्या एका शनिवारी आमच्या महाविद्यालयाचे 22 विद्यार्थी, एक सहकारी प्राध्यापिका आणि मी असे 24 जण वैनगंगेच्या फुगवट्यातल्या, म्हणजे धरणामागे साचलेल्या पाण्यातल्या, एका टेकाडावर ढिवरांच्या (मासेमारांच्या) टोलीत गेलो. सकाळी पावणेआठला डोंग्यात बसलो आणि दिवस मावळता मावळता परत काठाला लागलो. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. जेवण उत्तम झालं, मुलामुलींनी वह्या भरून आणल्या आणि विभागाच्या दप्तरी सहल यशस्वी म्हणून नोंदली गेली. तीन आठवड्यांनी मी एकटा परत गेलो, तेव्हा कळलं की आमच्या त्या एका दिवसानं टोलीचे दोन दिवस खाल्ले होते. शिवाय आम्ही मोठ्या विश्वासानं वहीत उतरवून आणलेली एक नोंद साफ चुकीची होती, आणि ती चुकण्याचं कारण आम्हीच होतो.

समाजकार्य, भूगोल, ग्रामविकास, राष्ट्रीय सेवा योजना अशा निमित्तांनी आपल्याकडच्या महाविद्यालयांतून दर हिवाळ्यात अशा सहली निघतात. म्हणून हे प्रकरण जसं घडलं तसं सगळं मांडतो आहे. टोलीचं नाव देत नाही. तिथल्या घरांची कागदोपत्री बाजू नाजूक आहे आणि नाव छापून आल्याचा त्रास त्यांनाच व्हायचा.

जागा

वैनगंगा मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यातल्या मुंडाऱ्याजवळ उगवते, बालाघाट, गोंदिया, भंडारा करत खाली येते. आंभोऱ्याला तिला कन्हान मिळते आणि पुढे पवनीजवळ गोसीखुर्दचं धरण तिला अडवतं. 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली. धरणाला 33 दरवाजे आहेत. पाणी टप्प्याटप्प्यानं चढवत नेलं आणि फुगवटा आंभोऱ्याच्या वरपर्यंत गेला. या पाण्याखाली गावं गेली, धानाच्या बांध्या गेल्या, आणि ज्यांची कुठे मोजणीच झाली नाही ते नदीतले डोहही गेले.

डोहांचं थोडं सविस्तर सांगायला हवं. उन्हाळ्यात नदीचं पात्र आटलं की मोठी मासोळी डोहांत गोळा होते. कोणत्या डोहात कुणी जाळं टाकायचं, कोणत्या महिन्यात टाकायचं नाही, हे नदीकाठच्या ढिवरांमध्ये ठरलेलं असे. हे त्यांचं शेत होतं. पण मोबदला निघतो तो सातबाऱ्यावरून आणि घराच्या मोजमापावरून. बहुतेक ढिवर घरं भूमिहीन, त्यामुळे शेतीचा मोबदला त्यांच्या वाट्याला येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि डोहाचा सातबारा कुणाच्याच नावावर नव्हता. पुनर्वसनात या टोलीला काठापासून अकरा किलोमीटर आत प्लॉट मिळाले. नळ होता, रस्ता होता, विजेचे खांब होते. तिथे ज्याला बांधी कसायची होती त्याची सोय झाली. ज्याला जाळं वाळवायचं होतं त्याची झाली नाही. काही घरं परत पाण्याकडे आली आणि एरवी गुरं चारायच्या एका उंच टेकाडावर कुडाच्या झोपड्या घालून राहिली. आज तिथे 13 घरं आहेत. पावसाळ्यात धरण भरायला लागलं की टेकाडाला चारी बाजूंनी पाण्याचा वेढा पडतो. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी ओसरलं की चिखलातून एक पायवाट वर येते. मधले आठ-नऊ महिने डोंग्याशिवाय वाट नाही.

पूर्व विदर्भातल्या लोकांना पाण्यावर जगणं नवं नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून सुमारे 7,000 माजी मालगुजारी (पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, ताब्यातले) तलाव आहेत, आणि गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं बांधलेल्या या तलावांतली मासोळी ढिवरांनीच धरली. पण तलाव आणि धरण यांत फरक आहे. तलाव उन्हाळ्यात उतरतो, मासोळी एका कोपऱ्यात येते. धरणाच्या पाण्याला कोपराच नसतो. भरल्या पाण्यात मासोळी पांगते, आणि खाली उभी बुडालेली झाडं जाळी फाडतात. ढिवरांचं परंपरेतलं जाळं हातानं फेकायचं, चार-सहा हात पाण्यासाठी बनलेलं. इथे लांबच लांब तंगूसाची (नायलॉनच्या बारीक दोऱ्याची) जाळी रात्रभर पाण्यात उभी ठेवावी लागतात. ती टाकायला आणि काढायला मोठा डोंगा लागतो.

टोलीवर डोंगे चार आहेत. पूर्वी डोंगा म्हणजे एका खोडातून कोरून काढलेला. आता लोखंडी पत्र्याचे आले आहेत. दोन मोठे, ज्यात वल्हवणारा सोडून सहा माणसं बसतात. दोन लहान, एका-दोघांचे. बाकीची पोरं थर्माकोलच्या जाड तुकड्यांना पोत्यात बांधून त्यावर पालथं पडून जवळपासची जाळी काढतात. पुढचं सगळं प्रकरण या दोन मोठ्या डोंग्यांभोवती फिरतं.

परवानगी

आम्ही तयारी नीट केली असं आम्हाला वाटत होतं. महाविद्यालयाच्या पत्रावर काठच्या गावातल्या मच्छीमार सहकारी संस्थेला लिहिलं. संस्थेच्या अध्यक्षांना भेटलो, सरपंचांना कळवलं. अध्यक्षांनी टोलीवर निरोप धाडला आणि दोन दिवसांत होकार आला. चोवीस माणसांच्या जेवणाचं काय, असं त्यांनीच विचारलं. आम्ही माणशी 100 रुपये धरून 2,400 रुपये आधीच दिले. त्यातून तांदूळ, तेल, मसाला, चहा-साखर आली. विद्यार्थ्यांची प्रश्नावली आठवडाभर बसून तयार केली होती. घरातली माणसं, शिक्षण, कर्ज, आजारपण, जाळ्यांचे प्रकार, बाजारभाव असे एकूण बावन्न प्रश्न.

त्या बावन्नांत एक प्रश्न नव्हता: आम्ही किती वाजता आलो तर तुम्हाला चालेल? पावणेआठ ही वेळ आमची बस आणि मुलांची घरं बघून आम्ही ठरवली होती.

तो शनिवार

काठावर धुकं होतं. जलपर्णीचा एक मोठा पट्टा वाऱ्यानं घाटाकडे ढकलला गेला होता. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला येतं. त्याच्यावर ही वनस्पती पोसते, आणि काही सकाळी डोंगा घाटाला लावायलाच अर्धा तास जातो. त्या सकाळी मात्र दोन्ही मोठे डोंगे आमच्या आधी येऊन उभे होते. आत पोती अंथरली होती, त्यावर चटया. तळाला पाण्याचा थेंब नव्हता, वास नव्हता, खवला नव्हता. आमच्या एका विद्यार्थिनीनं वहीत लिहिलं, "डोंगे अतिशय स्वच्छ ठेवले जातात." मीही मनात हेच म्हटलं.

सकाळच्या पावणेआठला मासेमारांच्या टोलीतला डोंगा कोरडा कसा, हा प्रश्न मला तिथेच पडायला हवा होता. वर्षानुवर्षं ग्रामीण भागात शिकवतो आहे. धानाच्या मळणीच्या दिवशी खळं झाडून-पुसून रिकामं दिसलं असतं तर मी विचारलं असतं.

दोन डोंग्यांत बारा जण गेले. चाळीस मिनिटं जायला लागली, तेवढीच परतायला. उरलेले बारा जण दुसऱ्या फेरीत दहाच्या सुमारास पोचले. टेकाडावर शेणानं सारवलेली अंगणं, मधोमध महादेवाची पिंड, वाळत टाकलेली जाळी, एका घरावर सौर दिवा. लेकरं फार थोडी दिसली. शाळेसाठी बहुतेक काठच्या गावात मामा-मावशीकडे किंवा आश्रमशाळेत असतात. आठवा महिना लागला की गरोदर बाईला काठावर नेऊन ठेवतात, हे एका सासूनं सांगितलं, आणि का ते आमच्या मुलींना विचारावं लागलं नाही.

साडेदहाच्या सुमारास टोलीतले सहा-सात पुरुष दोन्ही मोठे डोंगे घेऊन निघून गेले. कुठे चाललात, असं एका मुलानं विचारलं. "जाळी काहाडाले," एवढंच उत्तर मिळालं. मुलांच्या गटानं लिहून घेतलं. एकच्या पुढे ते परतले. मासोळी घराच्या मागच्या अंगाला उतरवली गेली. आम्ही तेव्हा पंगतीत होतो. भात, तांदळाची भाकर, आणि चिंचेचा कोळ घातलेला लालभडक रस्सा. त्यात दाडक होती, बोटरी होती आणि आम्ही पाहुणे म्हणून रोहूचे मोठे तुकडे. वाढणाऱ्या मावशी कुणाचंही "पुरे" ऐकत नव्हत्या.

साडेतीनला परतीची पहिली फेरी निघाली, दुसरी सहाला काठाला लागली. निघताना अध्यक्षांनी भाषण केलं. काठावर पक्का घाट हवा, शाळेच्या लेकरांसाठी डोंग्याची सोय हवी, तुम्ही हे वर कळवा, असं ते म्हणाले. मी हो म्हटलं.

वाचून दाखवलेला अहवाल

ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना वाचून दाखवायचं, हा आमच्या विभागाचा जुना नेम आहे, आणि सगळ्या गडबडीत तो मी मोडला नाही याचं मला आज बरं वाटतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला अहवाल घेऊन मी एकटा गेलो. यावेळी कुणाला निरोप दिला नव्हता. घाटावर जो डोंगा मिळेल त्यात बसायचं ठरवलं होतं. सकाळी आठला पोचलो तेव्हा घाटावर नुसती धांदल. संस्थेचा काटा लागलेला, बर्फ घेऊन आलेली व्यापाऱ्याची पिकअप गाडी उभी, आणि तेच दोन मोठे डोंगे काठाला. तळाला वीतभर पाणी, त्यात खवले, चिखल, जाळ्यांचे ओले ढीग. चटई कुठेच नव्हती. मासोळी उतरवून, तोलून, बर्फात घालून पावणेनऊला गाडी निघाली. डोंगे रिकामे झाले. त्यातल्या एकात बसून मी टोलीवर गेलो.

दुपारी महादेवापाशी दहा-बारा बाया आणि चार-पाच पुरुष बसले. मी वाचत गेलो. घरांची संख्या, आजार, कर्ज. मान हलत होती. मग हे वाक्य आलं: "येथील पुरुष सकाळी साडेदहाच्या सुमारास कामाला सुरुवात करतात, त्यामुळे सकाळच्या बाजाराचा फायदा त्यांना घेता येत नाही."

सगळे गप्प झाले. एक वयस्क मावशी, जिनं त्या दिवशी मला आग्रहानं वाढलं होतं, तिनं पदर सावरला.

"त्या दिवशी जी. रोज नाई."

मी विचारलं, "त्या दिवशी का?"

"तुमाले आनाचं होतं ना. डोंगे धुवाचे होते. पोरीबारींचे कपडे खराब झाले असते." मग जरा थांबून, "पाहुन्याले वासाच्या डोंग्यात कोन बसवते, जी?"

पुढचं एकेक करून उलगडत गेलं. रोजचा क्रम असा आहे. दुपारी चार ते सहा जाळी टाकायची. पहाटे साडेचारला डोंगे निघतात. जवळची जाळी लहान डोंग्यांची आणि पोरांची. लांबची, जुन्या पात्राकडची, जिथे कतला आणि रोहू मिळतो, ती मोठ्या डोंग्यांची. तिथे जायलाच तास लागतो. तिथून मासोळी थेट घाटावर, आठपर्यंत काट्यावर, पावणेनऊला गाडी. गाडी गेली की त्या दिवसाचा बाजार संपला.

त्या शनिवारी मोठे डोंगे पहाटे निघालेच नाहीत. ते टोलीवर धुऊन, पुसून, चटई घालून पावणेआठला आमच्यासाठी घाटावर आले. लांबची जाळी साडेदहानंतर काढली गेली. तंगूसाच्या जाळ्यात अडकलेली मासोळी फार वेळ जिवंत राहत नाही. थंडीच्या पहाटे ती सकाळपर्यंत टिकते, पण ऊन चढलं की मऊ पडते आणि खेकडे, कासवं तिला कुरतडतात. व्यापारी आधी कल्ला उचकटून बघतो. लाल असला तर भाव, फिका पडला तर गाडीत जागा नाही. आणि त्या दिवशी तर गाडीही निघून गेलेली.

नुकसान इथेच थांबलं असतं तरी मी ते समजून घेतलं असतं. पण संध्याकाळी चार ते सहा हीच जाळी टाकायची वेळ, आणि त्या वेळी दोन्ही मोठे डोंगे आम्हाला काठाला पोचवत होते. लांबची जाळी त्या रात्री पाण्यात गेलीच नाहीत. म्हणजे रविवारही गेला.

तोलवही

हे मी अंदाजानं लिहीत नाही. संस्थेकडे तोलवही असते. तीत रोज कुणाची किती मासोळी तोलली गेली ते लिहितात. दुसऱ्या दिवशी घाटावर बसून मी ती पाहिली. आदल्या शुक्रवारी या टोलीची मासोळी 61 किलो होती. शनिवारी 14. रविवारी 9. सोमवारी पुन्हा साठाच्या घरात. शुक्रवार हा नेहमीसारखा दिवस धरला, आणि मागचे पंधरवडाभराचे आकडे पाहता तो तसाच होता, तर दोन दिवसांत मिळून 99 किलोची तूट. संस्थेचा त्या दिवसांतला सरासरी दर 110 रुपये. म्हणजे 10,890 रुपये.

दुपारी काढलेल्या मासोळीतली 20 किलो रविवारी काठच्या गावात दारोदार फिरून बायांनी 50 रुपयांनी विकली. त्याचे 1,000 आले. थोडी चिरून, मीठ लावून वाळवली. काही परत पाण्यात टाकली. आमच्या ताटातले रोहूचे तुकडे जवळच्या जाळ्यांतले होते. गाडीत जाऊ शकली असती अशी त्या दिवसाची चांगली मासोळी म्हणजे तीच, आणि ती काट्यावर गेली नाही. वाळवलेल्याचा हिशोब सोडून दिला तरी टोलीचं नुकसान 9,890 रुपये. आमचे 2,400 वजा केले तर 7,490. ते वजा करणंही खरं म्हणजे चूक आहे, कारण ते पैसे किराण्यात गेले होते आणि किराणा आम्ही खाल्ला होता. तरी आमच्या बाजूनं सगळ्यात सौम्य हिशोब धरला तर घरामागे पावणेसहाशे रुपये.

वर्गात हा हिशोब फळ्यावर मांडला तेव्हा एका मुलानं विचारलं, मग सर, आपण जायलाच नको होतं का? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर आकड्यांत आधीच होतं आणि ते मी मुलांकडूनच काढून घेतलं. रोज पावणेनऊला दोन्ही मोठे डोंगे रिकामे होऊन टोलीकडे परत जातात. आम्ही एक तास उशिरा आलो असतो आणि बारा जणच असतो, तर त्याच परतीच्या फेरीत बसून गेलो असतो. एकही जास्तीची खेप लागली नसती. अडीचला निघालो असतो तर आम्हाला काठाला सोडून येता येता त्यांनी जाळी टाकली असती. आमच्या येण्यासाठी टोलीला एक पैसा खर्च येण्याची गरज नव्हती. खर्च आला तो आमच्या वेळेमुळे आणि आमच्या संख्येमुळे, आणि या दोन्ही गोष्टी आम्ही महाविद्यालयात बसून ठरवल्या होत्या.

नाही का म्हणाले नाहीत

या भागावर मी सगळ्यात जास्त विचार केला आहे.

पहिलं कारण पत्र. महाविद्यालयाचा शिक्का असलेलं पत्र टोलीवर पोचतं तेव्हा ते सरकारी वाटतं. ज्यांच्या घराला उतारा नाही, वीजबिल नाही, ज्यांचं राहणंच कुणीतरी उद्या विचारू शकतं, त्यांना शिक्क्याच्या कागदाला नाही म्हणता येत नाही. दुसरं कारण संस्था. मासेमारीचा ठेका संस्थेच्या नावावर, काटा संस्थेचा. अध्यक्ष भला माणूस आहे, पण तो काठच्या गावातला आहे. त्याला फक्त निरोप द्यायचा होता, वेळ विचारायची नव्हती. तिसरं म्हणजे आशा. घाट, डोंगा, अंगणवाडी, जे वर्षानुवर्षं मागत आहेत ते या मास्तरांच्या तोंडून वर जाईल, ही आशा. आणि चौथं म्हणजे पाहुणचार. हे बाकीच्या तिघांखाली झाकलं जाऊ नये. त्या मावशीनं मला जे उत्तर दिलं त्यात भीती नव्हती, हिशोबही नव्हता. पाहुण्याला वासाच्या डोंग्यात बसवायचं नाही, एवढंच होतं. त्याच पाहुणचारामुळे पुढचे तीन आठवडे कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि मी अहवाल टपालानं पाठवला असता तर कधीच काढलं नसतं.

मी अध्यक्षांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सर, तुमी वेळ लिहून धाडली होती. मी समजलो, पक्की आहे."

बरोबरच होतं. पत्रात "सकाळी 7.45 वा. घाटावर उपस्थित राहू" असं होतं, विनंतीचा एक शब्द त्या ओळीत नव्हता.

जॅकेट

मासोळीशी संबंध नसलेली, पण या प्रकरणात लिहिलीच पाहिजे अशी एक बाब. पहिल्या खेपेला आम्ही चोवीस जण अंगावर लाइफ जॅकेट नसताना पाण्यात गेलो. वर्षभरापूर्वी, जानेवारी 2024 मध्ये, याच वैनगंगेत गडचिरोली जिल्ह्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव उलटली होती. त्याआधी सप्टेंबर 2021 मध्ये अमरावती जिल्ह्यात वरूड तालुक्यातल्या झुंजला वर्धा नदीत एकाच कुटुंबातले अकरा जण बुडाले. दोन्ही बातम्या आमच्या विद्यार्थ्यांना माहीत होत्या. पालकांच्या संमतीपत्रावर आम्ही सह्या घेतल्या आणि तेवढ्यावर निघालो. टोलीवरच्या माणसांकडे जॅकेट नाहीत हे त्यांच्या गरिबीचं लक्षण म्हणून मुलांनी नोंदलं होतं. आमच्याकडे का नव्हती याची नोंद कुणी केली नाही. विभागप्रमुख या नात्यानं ती जबाबदारी माझी होती.

भरपाई

मी 7,490 रुपये घेऊन गेलो. टोलीनं ते घेतले नाहीत. दोन-तीनदा सांगून पाहिलं. "जेवनाचे पैसे कोन घेते?" यापलीकडे गोष्ट जाईना. मी समजावलं की हे जेवणाचे नाहीत, डोंग्याच्या वेळेचे आहेत. तेव्हा बचत गटाच्या बायांनी आपसात बोलून सांगितलं की असं असेल तर एक वजनकाटा घेऊन द्या. घाटावर जायच्या आधी घरी तोलून पाहता येईल. आम्ही विजेरीवर चालणारा काटा घेतला, उरलेल्या रकमेची तंगूसाची गुंडाळी आणि पाच बॅटऱ्या दिल्या. पावती गटाच्या शिक्क्यानं घेतली. महाविद्यालयाच्या हिशोबात "डोंग्याची वेळ" असं कुठलं खातं नाही, त्यामुळे हे पैसे दोन प्राध्यापकांच्या खिशातून गेले. असं खातं असायला हवं, आणि त्यासाठी मी प्राचार्यांकडे टिपण दिलं आहे. सहलीच्या खर्चात बसचं भाडं असतं, डबे असतात, बॅनर असतो. ज्यांच्याकडे जातो त्यांच्या कामाच्या तासांचं काहीच नसतं.

टोलीत एक तरुण आहे, बारावी शिकलेला. त्याला ही सगळी चर्चा ऐकून वेगळंच सुचलं. आंभोऱ्याला मोठा केबलचा पूल झाला आहे, रविवारी नागपूरहून गाड्या येतात, धरणात जलपर्यटनाच्या योजना जाहीर झाल्या आहेत. आपणच बारा-बारा लोक आणले, रस्सा-भात दिला आणि नीट पैसे घेतले तर काय वाईट? बायांचं म्हणणं पडलं की आज डोंगा मासोळीसाठी आहे आणि पाहुणा अधूनमधून येतो. उद्या डोंगा पाहुण्यासाठी झाला तर मासोळीची वेळ कोण सांभाळणार? त्याचं म्हणणं, एक डोंगा कर्जानं वेगळा घेऊ. यावर महादेवापाशी दोन बैठका झाल्या आणि ठरलं काहीच नाही. एवढंच ठरलं की काट्याच्या आधी डोंगा कुणासाठी धुवायचा नाही.

दुसरी खेप

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा गेलो. दहा विद्यार्थी, आम्ही दोघं, भाड्यानं आणलेली बारा जॅकेट. बस आठला पोचली. मुलं काट्यापाशी उभी राहून तोल बघत होती, दोघांनी बर्फ फोडायला हात लावला. कल्ला कसा बघतात ते व्यापाऱ्यानं स्वतः दाखवलं. पहिल्या प्रश्नावलीतल्या बाजारभावाच्या सात प्रश्नांची उत्तरं घाटावर त्या अर्ध्या तासात मिळून गेली.

पावणेनऊला गाडी गेली आणि आम्ही डोंग्यात बसलो. तळाला पाणी होतं. एका बाजूला ओली जाळी पडली होती, त्यांतून एक इवलीशी दाडक अजून उडत होती. मावशीनं ती हातानं उचलून पाण्यात सोडली. पहिल्या खेपेला "डोंगे अतिशय स्वच्छ" असं लिहिणारी मुलगी यावेळीही होती. तिनं सलवार पोटरीपर्यंत दुमडली, वही पिशवीतून काढून मांडीवर घेतली. जुन्या अहवालातलं ते साडेदहाचं वाक्य तिनं आधीच खोडून आणलं होतं. त्या जागी काय लिहायचं ते तिला मावशीच्या तोंडून हवं होतं.

"मावशी, निघायची वेळ साडेचार लिहू ना?"

"थंडीत पाच लिव," मावशी वल्हं मारता मारता म्हणाली. "उन्हाळ्यात चार. पावसाचं नको लिवू, पावसात झोपच नाई."